मंडळीत प्रार्थना चालवायची आहे? पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

मराठी मंडळ्यांत गायनाच्या तालमी होतात, नाताळच्या नाटिकेच्या होतात, संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी उन्हाळ्यात शिबिरं भरतात. लोकांपुढे प्रार्थना कशी करायची हे मात्र कुणी बसवून शिकवत नाही. ती ज्याला त्याला आपोआप येते, असं धरून चाललेलं असतं. मग नुकताच बाप्तिस्मा झालेला तरुण, लग्न होऊन मंडळीत आलेली सून, नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात आलेलं कुटुंब, यांच्यापैकी कुणाला तरी पाळकसाहेब म्हणतात, "पुढच्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना तुम्ही चालवा." आठवडाभर पोटात गोळा येतो, आणि रविवारी माणूस लहानपणापासून ऐकलेली वाक्यं एकापुढे एक लावून कसाबसा आमेनपर्यंत पोहोचतो.

हा लेख त्या आठवड्यासाठी आहे. त्यात मुख्य मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. तुम्ही बोलाल ते वाक्य शेवटच्या बाकावरच्या माणसाला आपलं म्हणून आमेन म्हणता आलं पाहिजे. ही कसोटी माझी नाही, प्रेषित पौलाची आहे. १ करिंथ १४:१६ मध्ये तो विचारतो, की तू काय बोलतोस हे समोरच्याला कळलंच नाही, तर तुझ्या उपकारस्तुतीला तो आमेन कसं म्हणणार? खालच्या सगळ्या सूचना या एका प्रश्नाच्या पोटातल्या आहेत.

आधी एक शंका

दर वेळी कुणीतरी विचारतंच, "येशूनं तर खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलं. मग हे सगळ्यांपुढे कशाला?" मत्तयाचा सहावा अध्याय नीट वाचा. येशू रागावला आहे तो सभास्थानांत आणि चवाठ्यावर लोकांनी बघावं म्हणून उभं राहणाऱ्यांवर. त्याच अध्यायात चार वचनं पुढे तो जी प्रार्थना शिकवतो तिची सुरुवात "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशी आहे. "आमच्या" म्हणायला दुसरं कुणीतरी सोबत लागतं. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी तो स्वतः सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, आणि सभोवती उभ्या असलेल्या लोकांसाठी बोललो असंही त्यानं सांगितलं (योहान ११:४२).

तेव्हा खोली आणि मंडळी यांच्यात भांडण नाही. फक्त एक व्यवहार पाळा. रविवारी ज्यांची नावं घेणार आहात त्यांच्यासाठी बुधवारी, गुरुवारी घरी एकट्यानं प्रार्थना करा. ज्यानं हे केलं आहे त्याचा आवाज रविवारी वेगळा लागतो, आणि ते लोकांना कळतं.

१. तुमच्या वाट्याला नेमकी कोणती प्रार्थना आली आहे?

फोन करून हे विचारा. लाजू नका. उपासनेत प्रार्थना पाच-सहा तरी असतात आणि प्रत्येकीचं काम निराळं असतं. आरंभीच्या प्रार्थनेत लोकांना देवापुढे आणायचं असतं, एवढंच. पापकबुलीत पाप कबूल करायचं. दानाच्या पिशव्या पुढे आल्यावरच्या प्रार्थनेत दान आणि देणारे देवाच्या हाती सोपवायचे, तीन-चार वाक्यांत संपतं ते. उपदेशापूर्वीची प्रार्थना ऐकणाऱ्यांच्या कानांसाठी आणि बोलणाऱ्याच्या तोंडासाठी. आणि मध्यस्थीची प्रार्थना इतरांसाठी: मंडळी, देश, गाव, आजारी, शोकात असलेले.

आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. दानाची प्रार्थना करायला उठलेला माणूस दानावरून मिशनऱ्यांवर जातो, तिथून सरकारवर, मग दहावीच्या मुलांवर, मग पाळकसाहेबांच्या गुडघ्यावर. पिशव्या धरून उभे असलेले दोन तरुण पायांचा भार बदलत राहतात. पुढे मध्यस्थीची प्रार्थना येते तेव्हा तिला मागायला काही उरलेलं नसतं. आपल्या वाट्याचं तेवढंच मागा.

आपली मंडळी कुठल्या परंपरेतली आहे, हेही बघून घ्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स होते, आणि काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियन परंपरेची संयुक्त मंडळी होती. म्हणून आजही एकाच सीएनआयच्या पाटीखाली दोन चालीरीती दिसतात. मूळच्या अँग्लिकन चर्चमध्ये पुस्तकातली प्रार्थना वाचतात आणि लोक ठरलेलं प्रत्युत्तर देतात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) काम करू लागले. ते काँग्रिगेशनल वळणाचे होते, त्यांच्या मंडळ्यांत पाळक आणि वडील (मंडळीचे जबाबदार ज्येष्ठ) मनानं, म्हणजे समोर पुस्तक न ठेवता आपल्या शब्दांत, प्रार्थना करत आले. पुस्तकवाल्या मंडळीत तुम्ही दहा मिनिटं उत्स्फूर्त बोललात तर लोक घड्याळ बघतील. मनानं प्रार्थना करणाऱ्या मंडळीत कागद काढलात तर एखादी आजी भुवया उंचावेल. कागद तरीही काढा. त्यावर पुढे बोलू.

कॅथलिक वाचकांसाठी हे काम जास्त आखीव आहे. मिस्सातली (कॅथलिक उपासनेतली) श्रद्धावंतांची प्रार्थना शतकानुशतकं जवळजवळ लोपली होती, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातून ती परत आणली. क्रमही ठरलेला आहे: आधी ख्रिस्तसभेच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि जगाचं कल्याण, मग संकटात असलेले, शेवटी आपला धर्मग्राम, म्हणजे आपल्या चर्चची स्थानिक मंडळी. सुरुवात आणि शेवट फादर करतात, तुम्ही मधल्या विनंत्या वाचायच्या, आणि प्रत्येकीनंतर लोक प्रत्युत्तर देतात. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये तुमच्यावर ही पाळी आली तर विनंती एका वाक्याची ठेवा. दोन वाक्यांची झाली की लोकांना कुठे प्रत्युत्तर द्यायचं ते कळत नाही आणि अर्धे बाक मागे पडतात.

२. माहिती गोळा करा, आणि परवानगीही

गुरुवार-शुक्रवारपर्यंत पाळकांकडून किंवा सचिवांकडून यादी घ्या: कोण दवाखान्यात आहे, कुणाकडे मृत्यू झाला, कुणाचा वाढदिवस, कुठली परीक्षा, कुणी प्रवासाला निघालं आहे. वर्तमानपत्र उघडा. गावात पूर आला असेल, कारखाना बंद पडला असेल, तर ते प्रार्थनेत यायला हवं. मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोन राजानं केलेली प्रार्थना १ राजे ८ मध्ये आहे, ती एकदा वाचा. तिच्यात अवर्षण आहे, दुष्काळ आहे, मरी आहे, टोळ आहेत, आणि दूर देशाहून आलेला परका माणूससुद्धा आहे. सोन्यानं मढवलेल्या मंदिरात उभा राहून राजा टोळांबद्दल बोलतो. आपण मात्र "जगातल्या सर्व दुःखितांना सांत्वन दे" एवढ्यावर सुटका करून घेतो.

आता परवानगीचं. यात हयगय नको. ज्याचं नाव घेणार त्याला किंवा घरच्यांना आधी विचारा: "रविवारी प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं तर चालेल का? आजार सांगू की नुसतं नाव?" आजार सांगायला लोक लाजतात, घाबरतात, त्यांना कारणंही असतात. गर्भारपण पहिल्या महिन्यांत घरच्यांनाही सांगितलेलं नसतं. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं हे देवाला ठाऊक असतं, पण तिसऱ्या बाकावरच्या काकूंना ठाऊक नसतं, आणि प्रार्थनेतून त्यांना ते कळायला नको. "प्रभू, तू जाणतोस" अशी सुरुवात करून जे जे सांगितलं जातं ते देवाला जाणवून द्यायची गरज नसते. ती बातमी असते. विचारायला वेळ मिळाला नाही तर नाव न घेता "आमच्यातले जे आजारी आहेत" म्हणा, आणि दहा सेकंद थांबा. लोक मनात नाव घेतील.

त्याचंच दुसरं भावंड म्हणजे प्रार्थनेतून कानउघाडणी. "हे प्रभू, महिला संघाच्या सभेला ज्या बहिणी येत नाहीत त्यांची मनं तू जागृत कर." त्या बहिणी तिथेच बसलेल्या असतात. पाळक-वडील यांच्यात काही धुसफुस चालली असेल तर तिचाही निकाल प्रार्थनेत लावू नका. डोळे मिटलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, याचा तो गैरफायदा आहे. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, आठवा. त्याची प्रार्थना दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे बोट दाखवून झाली होती.

३. लिहून काढा

"लिहिलेली प्रार्थना पवित्र आत्म्याची नसते" असं कुणी म्हणालं तर स्तोत्रं कुणी तरी लिहूनच ठेवली आहेत, एवढं उत्तर पुरे. पहिली काही वर्षं तरी पूर्ण लिहा. नंतर मुद्दे पुरतात.

साचा हवा असेल तर एक जुना आणि टिकाऊ साचा आहे. लॅटिन उपासनेत तो घडला, इंग्लंडचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात तो वापरला, आणि अजून चालतो. देवाला हाक मारायची, तो कसा आहे, त्यानं काय केलं आहे ते म्हणायचं, मागणं मागायचं, ते कशासाठी हवं ते सांगायचं, आणि येशूच्या द्वारे संपवायचं. साचा परका वाटत असेल तर प्रेषितांची कृत्ये ४:२४-३० बघा. पेत्र आणि योहान धमकी घेऊन सुटून आले आहेत आणि मंडळी एकमुखानं प्रार्थना करते. आधी हाक: आकाश, पृथ्वी, समुद्र उत्पन्न करणाऱ्या देवाला. मग शास्त्राची आठवण: दुसरं स्तोत्र. मग आपली अडचण: ही माणसं धमक्या देताहेत. मग मागणं. आणि मागणं काय आहे बघा. धमक्या बंद कर असं ते म्हणत नाहीत, बोलायला धैर्य दे म्हणतात.

आता एक प्रार्थना प्रत्यक्ष बसवू. जून संपत आला आहे, मंडळीतली निम्मी घरं शेतीवर आहेत, पाऊस ओढ देतो आहे. पहिल्या फटक्यात कागदावर बहुधा हे उतरतं:

"हे प्रेमळ, दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या, प्रभू आम्ही तुझे आभार मानतो प्रभू, की तू आम्हांला आजचा हा सुंदर दिवस दाखवलास प्रभू, आणि प्रभू आम्ही पावसासाठी प्रार्थना करतो प्रभू, की तू पाऊस पाड, आणि शेतकरी बांधवांना आशीर्वादित कर..."

हिच्यात खोटं काही नाही. पण ज्याचं बियाणं मातीत करपतं आहे त्याच्या हाती यातून काही लागत नाही. "सुंदर दिवस" तर त्याला टोचेलच. हीच प्रार्थना साच्यात घालू:

"हे सर्वसमर्थ देवा, आकाश आणि पृथ्वी तुझी आहे. नोहाच्या काळापासून पेरणी आणि कापणी थांबणार नाही असं तू वचन दिलं आहेस. आमच्या पेरण्या होऊन पंधरा दिवस झाले आणि आभाळ कोरडं आहे. पाऊस दे. ज्यांनी कर्ज काढून बियाणं आणलं त्यांना रात्री झोप दे. दुबार पेरणीची वेळ आलीच, तर ज्यांच्याकडे आहे त्यांना हात सैल सोडायची बुद्धी दे, म्हणजे कापणीच्या सणाला आम्ही सगळे बरोबर तुझ्यापुढे येऊ. आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्या द्वारे मागतो. आमेन."

पाऊण मिनिटाची आहे. "पंधरा दिवस" आणि "कर्ज" हे शब्द आल्यामुळे शेतकऱ्याला ती आपली वाटेल. नोहाचं वचन उत्पत्ती ८:२२ मधलं आहे. देवाला त्याच्याच शब्दाची आठवण द्यायची ही बायबलमधली जुनी रीत आहे, आणि शब्द सुचत नसतील तेव्हा तीच मदतीला येते. शिवाय "हात सैल सोडायची बुद्धी" हे मागणं ऐकून आमेन म्हणणाऱ्या सावकारापासून नोकरदारापर्यंत सगळ्यांच्या गळ्यात थोडं काम पडतं. मंडळीच्या प्रार्थनेत असं एखादं वाक्य असावं असं माझं मत आहे. फक्त ते टोमणा होऊ देऊ नका.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत असे चार-पाच भाग पुरतात. एकेका भागानंतर "प्रभू, तुझ्या दयेनं" असं तुम्ही म्हणायचं आणि लोकांनी "आमची प्रार्थना ऐक" म्हणायचं, अशी सोय केलीत तर लोक जागे राहतात. प्रत्युत्तर सुरुवातीलाच एकदा सांगा आणि एकदा म्हणवून घ्या.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना टाळू नका. १ तीमथ्य २ मध्ये राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे, आणि तेव्हाचे रोमी अधिकारी काही मंडळीचे हितचिंतक नव्हते. पण निवडणुकीच्या दिवसांत तुमचा पक्ष वाक्यातून डोकावायला नको. "न्यायानं वागायची बुद्धी दे" याला सगळे आमेन म्हणू शकतात. अमुक निवडून येवो याला निम्मे म्हणणार नाहीत.

४. शब्द

देवाला "तू" म्हणा, ते आपल्याकडे रुळलेलंच आहे. स्वतःला "आम्ही" म्हणा. "मी तुझ्यापुढे येतो, मी मागतो" असं सुरू झालं की मंडळी प्रेक्षक होते.

वरच्या कच्च्या प्रार्थनेत "प्रभू" किती वेळा आलं ते मोजा. तो श्वास घ्यायचा शब्द होऊन बसला आहे. "बापा", "प्रभूराया", "धन्यवाद येशू", "हालेलूया" यांचंही तेच होतं. थांबायचं असेल तर गप्प राहा, शांततेनं कुणाचं काही बिघडत नाही. लिहिलेल्या कागदावर ही सवय दिसते, म्हणूनही लिहायचं.

शास्त्राची मराठी आणि घरची मराठी यांपैकी कोणती, हा प्रश्न वयाप्रमाणे सुटतो. "आम्हांस दे" म्हणत मोठे झालेले लोक तसंच म्हणतील आणि ते शोभतं. तुमच्या तोंडी "आम्हांला दे" असेल तर तेच ठेवा. एका वाक्यात "करितोस" आणि पुढच्या वाक्यात "टेन्शन दूर कर" असं मात्र होऊ देऊ नका. "अभिषेक", "ओझं", "दर्शन" अशा सभांमधल्या शब्दांवर नव्यानं आलेला माणूस अडखळतो. तो आमेन म्हणेल, पण कशाला ते त्याला माहीत नसेल.

५. वेळ

घरी मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. आरंभीची प्रार्थना एक मिनिट, दानाची त्याहून कमी, मध्यस्थीची चार-पाच मिनिटं. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली "हे आमच्या स्वर्गातील पित्या", सावकाश म्हटली तरी मिनिटभरात होते आणि तिच्यात काही राहून गेलं आहे असं कुणाला वाटत नाही. लांबलचक प्रार्थनांबद्दल येशू काय म्हणाला ते मार्क १२:४० मध्ये आहे, ते इथे देत नाही, लागेल कुणाला तरी.

६. उभं राहिल्यावर

मोबाईल बंद करून बाकावर ठेवून जा. प्रार्थना मोबाईलवर लिहिली असेल तर एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर "सर्वसमर्थ देवा" नंतर कर्जवाल्या बँकेचा फोन येतो. कागद सगळ्यांत बरा, मोठ्या अक्षरात, एका बाजूला लिहिलेला.

माइकपाशी पोहोचल्याबरोबर बोलू नका. "आपण प्रार्थना करू या" म्हणा आणि थांबा. बाक करकरतात, गीतांची पुस्तकं मिटतात, कुणी पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतं, लहान मुलाला गप्प केलं जातं. हे सगळं संपू द्या. ज्या मंडळीत गुडघे टेकतात तिथे जरा जास्त थांबावं लागतं, कारण म्हाताऱ्या माणसांना खाली बसायला वेळ लागतो. माइक तोंडापासून चार बोटांवर ठेवा. तोंडाशी चिकटवला तर "प" आणि "भ" फुटतात.

डोळे मिटायलाच हवेत असं काही नाही. वाचणाऱ्यानं ते उघडे ठेवावेत. आवाज रोजचाच ठेवा. काही जणांचा प्रार्थनेचा आवाज वेगळाच असतो, थरथरता आणि वरच्या पट्टीतला. तो उसना घेऊ नका. वाक्याच्या शेवटी आवाज पडू देऊ नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे मागणंच शेवटी असतं, आणि ते ऐकूच गेलं नाही तर मागच्या बाकांना काय मागितलं हे कळत नाही.

शेवटचा "आमेन" लोकांना म्हणू द्या. तुमचं शेवटचं वाक्य ओळखीचं असेल, "येशू ख्रिस्ताच्या नावानं मागतो" असं, तर ते आपोआप एकत्र म्हणतात. रोज बदलत्या, नटव्या शेवटांनी लोक चुकतात.

७. अडलं तर

मन कोरं झालं, कागद सापडेना, रडू आलं, काहीही झालं तरी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणा. दुसऱ्या शब्दापासून सगळी मंडळी तुमच्याबरोबर असते, आणि ती प्रार्थना संपली की तुम्ही बसू शकता. कुणाला वाटतही नाही की काही अडलं होतं. रडू आलं तर माफी मागू नका. थांबा, पाणी प्या, पुढे चला.

तुमच्या आधीच्या माणसानं तुमचे सगळे मुद्दे घेऊन टाकले, असंही होतं. ते भाग गाळा. छोटी प्रार्थना झाली म्हणून कुणी तक्रार केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

८. जागा बदलली की

घरच्या प्रार्थनासभेत पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसलेली असतात आणि साखळी प्रार्थना चालते: एकानंतर एक, ज्याला वाटेल त्यानं. इथे एका वेळी एकच विषय घ्या, म्हणजे इतरांना काही शिल्लक राहतं. जे मोठ्यानं बोलत नाहीत त्यांना टोकू नका. सभा ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी कुणी प्रार्थना केली नसेल तर शेवटी ती तुम्ही करा. चहा-पोहे त्यांनी केलेले असतात.

काही मंडळ्यांत सगळे एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करतात. नवख्याला तो गलका वाटतो. ही पद्धत कालपरवा बाहेरून आलेली नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जागृतीत (धार्मिक नवचैतन्याच्या लाटेत) शेकडो मुली-स्त्रिया अशाच एकत्र, आपापल्या शब्दांत मोठ्यानं प्रार्थना करत होत्या. अशा ठिकाणी पुढे असलेल्यानं विषय सांगायचा, सुरू करून द्यायचं, आणि आवाज ओसरू लागला की एका छोट्या प्रार्थनेनं किंवा गीताच्या एका ओळीनं सगळ्यांना परत एकत्र आणायचं. ओसरायच्या आधी तोडू नका.

दवाखान्यात मात्र सगळं उलटं. हळू आवाज, अर्धं मिनिट. आधी रुग्णाला विचारा, "प्रार्थना करू का?" नको म्हणाला तर नुसते बसा. शेजारच्या खाटेवर दुसरा माणूस आहे, त्याचा धर्म तुम्हाला माहीत नाही, त्याची झोप मोडायचा तुम्हाला हक्क नाही. बरं करण्याचं मागणं जरूर करा, पण "तू बरा होणारच" असं वचन देवाच्या वतीनं देऊ नका. डॉक्टर आणि नर्स यांची नावं घेतलीत तर रुग्णाला बरं वाटतं, असा अनुभव आहे. आणि औषध बंद करायचा सल्ला प्रार्थनेत तर नाहीच, प्रार्थनेनंतरही नाही.

दफनाच्या वेळी पाळक असतातच. पण आदल्या रात्री घरी प्रार्थना करायला बरेचदा एखाद्या साध्या सभासदाला सांगतात. तिथे देवानं का नेलं याचं कारण शोधू नका. "फुलबागेतलं सुंदर फूल देवानं खुडलं" हे लहान मूल गेलेल्या आईपुढे बोलू नये. एखादं स्तोत्र वाचा, तेविसावं किंवा एकशे तिसावं, मृताचं नाव घ्या, आभार माना, सांत्वन मागा, थांबा.

शाळेचा कार्यक्रम, सोसायटीची शोकसभा, जिथे सगळ्या धर्मांचे लोक आहेत आणि तुम्हाला ख्रिस्ती म्हणून बोलावलं आहे, तिथे येशूचं नाव लपवायचं कारण नाही. त्यासाठीच तर बोलावलं आहे. मात्र "आपण सगळे" म्हणण्याऐवजी "मी माझ्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना करतो, आपण मनात आपली करावी" असं आधी सांगा. न मानणाऱ्याच्या तोंडी आमेन कोंबायचा नसतो. आणि प्रार्थनेचं प्रवचन होऊ देऊ नका.

९. अचानक नाव घेतलं तर

बारशाला, साखरपुड्याला, नव्या घराच्या प्रार्थनेला जेवण वाढेपर्यंत कुणाचं लक्ष नसतं आणि मग यजमान म्हणतात, "भाऊ, तुम्हीच करा प्रार्थना." बायबलमधल्या नहेम्याला, तो पारसच्या राजाच्या दरबारी होता, राजानं समोरासमोर विचारलं, तुझी विनंती काय, तेव्हा उत्तर देण्याआधीच्या क्षणात त्यानं प्रार्थना केली (नहेम्या २:४). तेवढा वेळ तुम्हालाही मिळतो. उठता उठता तीन गोष्टी पक्क्या करा: कशाचे आभार, कुणासाठी मागणं, आणि नावं बरोबर आहेत ना. बाळाचं नाव शेजाऱ्याला विचारून घ्या. नवरीचं नाव चुकलं तर लोक बाकी प्रार्थना विसरतील, ते विसरणार नाहीत.

जेवणापूर्वीची असेल तर ताटातलं अन्न, ते रांधणारे हात, आज ज्यांच्याकडे जेवण नाही ते, एवढंच. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायकांनाही बाहेर बोलवा आणि मग सुरू करा. भाकरी गार व्हायच्या आत संपवा.